चंद्रीचं उष्टावण

परवा इस्लामपुरात भाजी, गॅस, बँक अशी कामं ओळीनं उरकत चालले होते. शेजारून ओल्या लसूणघासाची गाडी गेली आणि मी जागीच थांबले.

सत्तरच्या दशकातला आमचा गोठा डोळ्यांपुढं आला. आमच्या गाईच्या पाडीचं, चंद्रीचं, दूध आईनं नुकतंच तोडलं होतं. तिचं पोट फुगायचं, शेण पातळ व्हायचं, घास ती जेमतेम चघळायची. ही जगते की नाही, या काळजीनं मी शाळेतून धावतच घरी यायची.

त्या दुपारी पाहते तर चंद्री निवांत बसून तोंड हलवत होती. समोर घासाची काडीही नव्हती. हिनं चिंधी खाल्ली, असं समजून मी तिच्या तोंडात बोट घातलं आणि ओरडले, "आई, पळ गं!"

आई आली आणि हसतच सुटली. "आगं येडे, सोड तिला! रवंथ करतीया ती. जेवताना तुझ्या तोंडात कुणी बोट घातलं तर?"

दूध वासराच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी शेवटच्या कप्प्यात थेट उतरतं, पण रवंथाचा पहिला कप्पा चारा खाऊनच वाढतो आणि रवंथ ही तो कामाला लागल्याची खूण, हे मला फार पुढं कळलं. आईनं तेव्हा माझा कान चंद्रीच्या डाव्या कुशीला लावला. आत लांबवर ढग गडगडल्यासारखं होत होतं.

"आता जगली बघ," म्हणत आई गुळाची वाटी घेऊन गल्लीत निघाली.

"कशाचा गूळ गं?" शेजारच्या तात्यांनी विचारलं.

"आवं तात्या, आमच्या चंद्रीचं उष्टावण हाय आज!"