उजव्या बाजूची चाचणी

शेजारच्या बायका म्हणायच्या, हिच्या डोक्यावर दोन बिऱ्हाडं नांदतात. भांगाच्या उजवीकडे सुखवस्तू आणि डावीकडे कसेबसे दिवस काढणारं. खालच्या मजल्यावरची शिंपीण तर जिन्यातच अडवून विचारी, "काय गं निम्मे, आज कुठल्या बाजूशी बोलू? उजवीकडे पाहुणे बसवावेत आणि डावीकडे केरसुणी टेकवून ठेवावी, असं झालंय तुझं." निम्मी हे नाव शिंपिणीनेच ठेवलेलं. ते इतकं रुळलं की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारू लागला. निम्मी त्यावर हसे आणि पायऱ्या चढून जाई. उलट उत्तर देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

केसांना लावायच्या वस्तू बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती डब्या भरण्याचं काम करी. न्हाणं लांबवता यावं, केस मधल्या दिवसांत ताजे आणि मऊ राहावेत म्हणून तिथे कोरड्या पावडरी तयार होत, आणि प्रत्येक नवी पावडर बाजारात जाण्याआधी निम्मीच्या डोक्यावरून जाई. पद्धत ठरलेली होती. सोमवारी डोकं धुवायचं, वाळलं की उजव्या बाजूला पावडर लावायची, डावी कोरी ठेवायची. मग रोज सकाळी उजव्या बाजूच्या मुळांशी घरी नेलेल्या डबीतली एक चिमूट, आणि शुक्रवारपर्यंत पाण्याचा थेंब नाही. शुक्रवारी मॅडम तपासायला येत. पावडरींचं मिश्रण त्याच ठरवत. त्या दोन्ही बाजूंना टिपकागदाची पट्टी दाबून तेलाचा डाग मोजत, कंगवा किती वेळा अडकला ते लिहीत, शेवटी वाकून वास घेत. निम्मीचे केस कमरेपर्यंत दाट, आणि दुसऱ्याच दिवशी तेलकट होणारे. एरवी ज्याला बायका वैतागतात, तीच तिची लायकी ठरली होती.

अकरा वर्षांत तेरा पावडरी झाल्या. एकीला ओल्या गोणपाटाचा वास होता. एकीने ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसे. पण भीती तिला कधी शिवली नव्हती.

चौदा नंबरची पावडर मात्र पहिल्या दिवसापासून फारच चांगली निघाली. नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखा तिचा वास होता, आणि केस इतके निसरडे झाले की पिना टिकेनात. "ही बाजारात आली की बायका आठवडाभर नळाकडे फिरकणार नाहीत," मॅडम म्हणाल्या.

बुधवारी सकाळी निम्मीने केस विंचरले. डाव्या बाजूला कंगव्यात तीन केस आले. उजव्या बाजूला तिने चाळीसपर्यंत मोजले आणि मोजणं थांबवलं. कानाच्या वर तिने बोट टेकवलं. बोट लागल्याचं कातडीला कळलं, पण ते बोट दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

त्या दिवशीची चिमूट तिने लावली नाही. निघालेले केस कागदात गुंडाळून पिशवीत ठेवले, भांग बोटभर सरकवला आणि ती कामावर गेली. कुणाला सांगायची तिची छाती झाली नाही. नऊ नंबरच्या वेळी तिच्यासोबत चाचणी करणाऱ्या दुसऱ्या बाईने डोकं भाजतंय असं सांगितलं होतं. मॅडम अगदी मायेने म्हणाल्या होत्या, "तू थोडे दिवस आराम कर." तो आराम अजून संपला नव्हता. दिवसभर निम्मी डब्या भरत राहिली, आणि मागून कुणी गेलं की तिची मान आपोआप आखडे. दाराशी चौदा नंबरची खोकी छतापर्यंत रचून झाली होती. शुक्रवारची नोंद झाली की ती गाडीत भरून बाजारात जाणार होती. दोनच दिवस तर काढायचे आहेत, असं तिने स्वतःला समजावलं.

गुरुवारी दुपारी ती घरी आली, तेव्हा लेक आरशासमोर उभी होती. दहा वर्षांच्या त्या डोक्यावर उजवीकडे केस रेशमासारखे लोळत होते आणि डावीकडे त्यांचा गुंता झाला होता.

"काय लावलंस?"

"तुझ्या पिशवीतल्या डबीतलं. सोमवारी संध्याकाळीच लावलं. उजवीकडेच हं, तुझ्यासारखं! आणि वहीपण केलीय."

वहीत गोल अक्षरांत लिहिलं होतं: मंगळवार, वास छान. कंगवा एकदाही अडकला नाही. बुधवार, केस जरा निघाले. गुरुवार, कानावर बोट फिरवलं तर गुदगुल्या होत नाहीत.

निम्मीने वही मिटली. "अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणतेस ना, चाचणी चालू असताना कुरकुर करायची नसते?"

तिने पोरीला धरून मोरीत नेलं. "आई, शुक्रवारपर्यंत धुवायचं नसतं! सगळं बिघडेल!" "बिघडू दे." तिने पाच वेळा डोकं धुतलं. पाणी दुधासारखं पांढरं वाहत होतं आणि जाळीवर केस साचत होते. प्रत्येक वेळी ती कानाच्या वर बोट टेकवून विचारी, "कळतंय?" पोर नाही म्हणून मान हलवी. पाचव्यांदा पोर चाचरत म्हणाली, "थोडं. लांबून कळल्यासारखं." मग निम्मीने स्वतःचंही डोकं नळाखाली धरलं.

शुक्रवारी सकाळी पुन्हा एकदा डोकं धुवून ती ओल्या केसांनीच कारखान्यात गेली. दाराशी गाडी लागलेली होती. मॅडम टिपकागद कापत बसल्या होत्या.

"हे काय? चार दिवसांची चाचणी पाण्यात घातलीस?"

निम्मीने पिशवीतून लेकीची वही काढली, उघडून टेबलावर ठेवली आणि शेजारी केसांची पुडी सोडली. मॅडमनी वाचलं. दाराशी रचलेल्या खोक्यांकडे एकदा पाहिलं. मग त्यांचा आवाज मऊ झाला. तो मऊ आवाज निम्मीच्या ओळखीचा होता.

"घाबरलीयस तू. एखादीच्या कातडीला नाही सोसत. आपण असं करू, नोंद आज कोरी ठेवू, गाडी जाऊ दे, आणि सोमवारी नव्याने लावू. तुझी डावी बाजू तर अजून चांगली आहे ना?"

निम्मीने टेबलावरची टिपकागदाची पट्टी उचलली.

"डावी बाजू माझ्या घरची आहे, मॅडम. चौदा नंबर आता तुमच्या डोक्याला लावा. पुढच्या शुक्रवारी मी टिपकागद घेऊन येते, तोवर ती गाडी इथनं हलायची नाही."