अक्कलकोटची माणसं

वर्गात पोरांपुढं भाषांवर बोलायचं म्हणून मी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्विनॉल्ट लोकांबद्दल वाचत बसले होते. नदीच्या मुखाशी त्यांचं एक गाव होतं. बाहेरच्यांनी त्या गावाचं नाव आपल्या जिभेला जमेल तसं मोडून घेतलं आणि नदीकाठच्या सगळ्याच लोकांना चिकटवून टाकलं.

आईला सांगितलं, तर शेंगा फोडता फोडता म्हणाली, "त्यात काय नवल? मला न्हाय का पन्नास वरसं अक्कलकोटची म्हणत्यात?" खरंच की! तिचं माहेर अक्कलकोटच्याही पुढं, कर्नाटकात, पण आमच्या सोलापुरातल्या शुक्रवार पेठेला त्यापुढचं काही ठाऊकच नाही. तिची बहीण, भाचे, तिकडून आलेली शेंगाचटणी, सगळं अक्कलकोटचं.

"त्यांची भाषा लहानपणापासून बोलणारं आता कुणी उरलं नाही," मी म्हणाले. "नवी पोरं जुन्या रेकॉर्डिंगवरून शिकतायत."

बोलून गेले आणि मला चांगलंच लागलं ते. तिचं कानडी आम्हा भावंडांपैकी एकालाही येत नाही. येणार कसं? आमच्या घरात कानडी होतं ते गुपितांसाठी. मावशी आली की दोघी बहिणी कानडीत आमच्या आत्यांचा उद्धार करायच्या. आम्हाला शिकवलं असतं तर सगळं फुटलं असतं. गेल्या वर्षी मावशी गेली आणि घरातलं कानडी बंद झालं.

मी फोन तिच्यापुढं धरला. "बोल कानडीत. काहीही बोल."

बाईसाहेब आत जाऊन इरकल नेसून आल्या. फोनला हात जोडले. "सर्वांना माझा नमस्कार. मी सोलापूर येथे राहते." अस्सल पुस्तकी मराठी! तीन वेळा तेच. माझं डोकंच फिरलं.

"अगं आई, कानडीत! आत्यांबद्दल बोल की!"

मग काय विचारता! दहा मिनिटं बाई थांबली नाही. मधे माझंही नाव आलं आणि ती पोट धरून हसली.

रेकॉर्डिंग लावून दाखवलं. फोनमधून कानडीत काहीतरी आलं आणि आईनं, मावशीला द्यायची तसं, त्याला उत्तर दिलं. पुन्हा आवाज, पुन्हा उत्तर. रेकॉर्डिंग संपलं तरी ती फोनकडं बघत राहिली.

मला रडूच आलं. "माझ्याबद्दल काय म्हणालीस गं?"

"तुला कशाला सांगू?" तिनं पदरानं डोळे पुसले आणि शेंगा भरलेलं सूप माझ्याकडं सरकवलं. "बस हितं. आदी कानडी शीक. मग दोघी मिळून तुज्या सासूबद्दल बोलू."