गुरुवारचा खटला

लिफ्टमध्ये कुणाच्या कपड्यांना कारखान्यातल्या मशीनच्या कूलंटचा वास आला की मला चाकणच्या शाळेतला खटला आठवतो. धड्यातल्या राजानं राणीला टाकलं, त्याचा न्याय नववीच्या वर्गात करायचा होता. गुरुवारी तिथल्या कंपन्यांना सुट्टी, म्हणून पालकही बोलावले होते. राणी झालेली मुलगी हातातला कागद ठेवून माझ्याकडे वळली. "सर, माझं खरंच लग्न ठरवलंय. मला शिकायचंय." मागच्या बाकावरून तिचे वडील हसले, "पोरगी लई नाटकी हाय, सर." न्यायाधीश मीच होतो. "लिहून दिलंय तेवढंच बोल," मी म्हणालो. वर्ग हसला. सोमवारी तिचे वडील कंपनीतून थेट, कूलंटचा वास येणाऱ्या कपड्यांतच, तिचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. कारणाच्या रकान्यात मी 'स्थलांतर' लिहिलं. आज खरं कारण लिहितो: तिचं लग्न लावलं, आणि मला ते ठाऊक होतं.