शांताक्कानं भरलेला डबा

बुडबुडे पुन्हा आले. थेंबात काळ्या गुठळ्या झाल्या. बिरादार सरांनी मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं.

"कांबळे, कामून जमंना झालंय? उद्या बंगळूरचे लोक येतेत. त्येनला काय काजळी दाखवायची?"

गुलबर्ग्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब टेक्निशियन होते. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे केसाहून हजारो पट बारीक नळ्या. त्या चिमट्यानं रचता येत नाहीत, विजेकडून रचून घ्याव्या लागतात. काचेवर सोन्याच्या दोन पट्ट्या, मध्ये बारीक फट. फटीवर नळ्या कालवलेल्या पाण्याचा थेंब ठेवायचा आणि पट्ट्यांना भराभर उलटसुलट होणारी वीज द्यायची. तिच्या ओढीनं नळ्या एका दिशेला वळतात, एकमेकींना चिकटतात आणि फटीवर दोरा तयार होतो. मग वीज बंद करून मीटर लावायचं. ते वाजलं की दोरा जुळला.

महिनाभर हे छान जमत होतं, आणि आठ दिवसांपासून गाडं अडलं होतं. दोरा दिसला नाही तर बंगळूरवाले आम्हाला वापरायला दिलेलं त्यांचं यंत्र परत नेणार होते. 'तिकडं कसलं संशोधन होतंय' असं ते आधीच म्हणत. मी याच भागातल्या हुलसूरची. मला ते फार लागायचं.

"नळ्याच खराब आल्यात," म्हणून सर निघून गेले. मी वाळलेला थेंब बघत बसले. भोवती पांढरी कड धरली होती. ही कड माझ्या ओळखीची. आमच्या घरी पाणी तापवायच्या बंबाला ती धरायची आणि आई चिंच लावून घासायची. बोअरच्या पाण्याचा क्षार! पण आम्ही तर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी वापरत होतो. त्याच्या डब्यातलं नुसतं पाणी काचेवर वाळवलं. तीच कड. क्षारामुळे वीज नळ्यांना ओढायचं सोडून पाण्यातूनच धावत होती. बुडबुडे त्याचेच, गुठळ्याही त्याच्याच.

लॅब झाडणाऱ्या शांताक्काला विचारलं.

"म्याच भरले की डबा. मागल्या हप्त्यात चार दिसानं नळ आला, डबा अर्धा दिसला. पानी आल्यावर भांडं रिकामं ठिवतेत व्हय?"

माझ्या आईनंही तेच केलं असतं. मी नवा डबा फोडला आणि सगळं पहिल्यापासून कालवलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर काळा दोरा या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत सरळ उभा राहिला. मीटर वाजलं. "आमच्या कांबळेनं केलंय," सर म्हणाले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

"मग आठ दिवस का अडलं होतं?" एका पाहुण्यानं विचारलं. दारात शांताक्का झाडू धरून उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"डब्यावरचं लेबल मी इंग्रजीत लिहिलं होतं, सर," मी म्हटलं. "आणि पाणी भरणाऱ्या बाईला तोंडानं काही सांगितलं नव्हतं."

यंत्र गुलबर्ग्यातच राहिलं. पुढं दर नव्या डब्याला शांताक्का स्वतःच विचारायची, "ह्यो भरायचा का न्हाई?"