सहावी लाइन

याद्या करायची सवय मला मुलुंडच्या टेलिफोन एक्स्चेंजने लावली. बोर्डावर एक चुकलं की पुढचं सगळं चुकतं, म्हणून कामाचा क्रम मी पहिल्याच आठवड्यात वहीत उतरवला होता. अजून पाठ आहे. दिवा लागला की त्या दिव्याखालच्या भोकात दोरीचा प्लग खोचायचा आणि नंबर विचारायचा. मागितलेल्या भोकाला दुसऱ्या दोरीचं टोक नुसतं टेकवून बघायचं. कानात कट्ट वाजलं तर तो माणूस दुसऱ्याशी बोलतो आहे. नाही वाजलं तर प्लग आत, घंटी, आणि आपण बाजूला.

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मुलुंडमध्ये फोन होते तरी कोणाकडे? डॉक्टर, वकील, लाकडाची वखार, चार कारखाने. त्यांना एकमेकांशी फारसं बोलायचं नसे. हवे असत ते बाहेरचे नंबर, आणि ते मला एकटीला जोडता येत नसत. मुलुंडहून बाहेर जाणाऱ्या लाइनी सहा. सहाही घाटकोपरच्या एक्स्चेंजला जात आणि तिथली ऑपरेटर त्या पुढे लावून देई, मुंबईला, अंधेरीला, कुठे हवं तिथे. मी इथे प्लग लावला की तिच्या बोर्डावर दिवा लागे.

नियम असा होता की जिच्याकडे दिवा लागला तिने आधी बोलायचं, आणि तेही फक्त आपल्या एक्स्चेंजचं नाव. जिने लाइन लावली तिने तोवर थांबायचं. स्वतःची नावं सांगायची नाहीत, घरच्या गप्पा नाहीत. पाठीमागे सुपरवायझर बाई फिरत असत. त्यामुळे ती माझ्यासाठी घाटकोपर आणि मी तिच्यासाठी मुलुंड. तीन वर्षं.

सकाळी आठला सहाही लाइनींची तपासणी असे. लाइन लावायची, ती "घाटकोपर" म्हणणार, मी "मुलुंड, एक नंबर, स्वच्छ" म्हणणार, पुढची. पहिल्या पाच आम्ही झपाट्याने उरकत असू, म्हणजे सहावीवर दोन मिनिटं उरत. ती विचारायची, "काय गं मुलुंड, आज यादीत काय?" मी वाचून दाखवायची: सुरण आणणे, चपलेचा अंगठा शिवणे, आईच्या चष्म्याची काडी. ती त्यात आपल्या पदरची भर घालायची, "एकदा तरी उगाच हसणे." माझी आई मालवणकडची, तिच्या नारळाच्या वड्यांचं वर्णन मी एवढ्या वेळा केलं होतं की घाटकोपरला त्या न खाताच आवडत होत्या. तिचा आवाज पातळ आणि चपळ होता. त्यावरून मी एक मुलगी मनात तयार केली होती, उंच, सडपातळ, माझ्याच वयाची, दोन वेण्यांची.

मग दोन्ही एक्स्चेंजं एकाच दिवशी ऑटोमॅटिक व्हायची ठरली. लोक स्वतः नंबर फिरवणार. लाइनी त्याच राहणार, फक्त त्यांच्या टोकांना कोणी बसणार नाही. मला शहरात ट्रंककडे, म्हणजे परगावचे फोन जोडायला, पाठवणार होते. ती म्हणाली, आमचं बिऱ्हाड नागपूरला चाललंय, मी नोकरी सोडतेय. मी म्हटलं, एकदा भेटू या. तिने लगेच जागा आणि वेळ सांगितली: शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी, चार वाजता, भांडुप स्टेशनाबाहेरची पाणपोई. दोघींच्या मधलं स्टेशन.

मी यादी केली. वड्यांचा डबा. छत्री. तिला विचारायचं ते: पहिलं, नाव. दुसरं, नागपूरचा पत्ता. एकमेकींना ओळखायचं कसं, हे यादीत नव्हतं. सुचलंच नाही. तिचा आवाज मी हजार आवाजांत ओळखला असता.

साडेतीनला जाऊन उभी राहिले. दोन वेण्यांची मुलगी आली नाही. पाणपोईशी एक ठेंगणी, भरल्या अंगाची, केस पिकू लागलेली बाई हिरव्या लुगड्यात उभी होती, तीही कोणाची तरी वाट बघत. उन्हाने माझा जीव कासावीस झालेला तिला दिसला असावा. तिने काही न बोलता ओगराळं उचललं आणि पुढे केलं. मी डबा काखेत धरून ओंजळ केली. तिने बेताने धार धरली, माझी तहान भागेपर्यंत. मी मान हलवली, ती हसली, आणि आम्ही पुन्हा आपापल्या दिशेला बघत उभ्या राहिलो. पाचला मी निघाले. डबा भरलेला तसाच घरी आला.

दुसऱ्या दिवशी शेवटची तपासणी. दहाला बोर्ड बंद होणार होता. पाच लाइनी झाल्या. सहावीवर ती म्हणाली, "आली नाहीस ना."

"साडेतीनपासून पाणपोईशी उभी होते."

"मीसुद्धा."

लाइनीत नुसती खरखर. मग मी विचारलं, "हिरवं लुगडं?"

"छत्री आणि पितळी डबा," ती हळूच म्हणाली. "अगं, ती तू? एवढीशी पोर? तुझ्या आवाजावरून मी चष्मेवाली हेडमास्तरीण शोधत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"जागा मी दिली, वेळ मी दिली. लाइन मी लावली ना? आधी तू बोलायचंस."

"भेटायचं मी काढलं होतं. लाइन माझी होती."

ती हसली. मलाही हसू आलं. वही उघडीच होती. नाव विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरांचा दिवा लागला. शेवटच्या दिवशी सगळ्या गावाला फोनची आठवण झाली होती. तपासणी होता होताच बाकीच्या पाच लाइनी भरल्या होत्या. डॉक्टरांना परळचं इस्पितळ हवं होतं, पेशंट टेबलावर होता. सुपरवायझर बाई माझ्या पाठीशी उभ्या होत्या.

मी म्हटलं, "डॉक्टर आहेत. परळचं इस्पितळ."

"देते," ती म्हणाली.

मी डॉक्टरांची दोरी सहावीत खोचली आणि बाजूला झाले. वाटलं, त्यांचं संपलं की विचारू. त्यांचं लवकर संपलं नाही. बाकीच्या पाचांतली एखादी सुटली की लगेच दुसरा दिवा लागे, आणि बाई पाठीमागून हलल्या नाहीत. दहाला इंजिनिअरांनी हात वर केला आणि सगळे दिवे एकदम विझले.

वही अजून आहे. त्या पानावर डबा आणि छत्रीपुढे खुणा आहेत, खालच्या दोन ओळींपुढे नाहीत. आज मीही घरातून नंबर फिरवते. शेवटचा आकडा फिरून झाला आणि घंटी अजून वाजायची आहे, एवढ्यात लाइनीत जरा वेळ नुसती खरखर असते. तेवढा वेळ मी थांबते. लाइन माझी असते, आधी तिने बोलायचं असतं.