दादांकडे पाणी असतं, आमच्याकडे येतं

नेत्याच्या ऑफिसात नोकरी केली की दोन गोष्टी साठत जातात. शाली आणि किस्से. शालींचं एक बरं असतं, इथल्या सत्कारातली शाल तिथल्या सत्काराला चालते. आमच्याकडची एक मोरपंखी शाल तर इतक्या वेळा फिरून परत आलीय की पाटकर काका तिला कपाटात ठेवताना विचारतात, "आलीस का गं माहेरी?" किस्स्यांचं तसं करता येत नाही. घरी नेऊन सांगावेत तर नवरा अर्ध्यातच घोरायला लागतो, आणि माझी लेक इरा अडीच वर्षांची आहे, तिला फक्त माकडाचे किस्से आवडतात. म्हणून तुम्हाला सांगते.

दादांचं आडनाव, पक्ष, पद यातलं काहीही सांगणार नाही. सांगितलं तर माझी नोकरी जाईल. आणि न सांगताही डोंबिवलीत तुम्ही चार जणांवर संशय घ्याल आणि चारही बरोबर वाटतील! एवढंच सांगते की दादा तरुण आहेत, राजकारण वडिलांकडून आलंय, ऑफिस डोंबिवलीत आहे आणि घर घोडबंदर रोडला, एकतिसाव्या मजल्यावर. मी त्यांच्या पोस्ट लिहिते, शुभेच्छा लिहिते, आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या दौऱ्याचा मेसेज सगळ्या खात्यांच्या ग्रुपवर टाकते. राज्यशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा हेच करायचं होतं का, असं विचारू नका. मी स्वतःला रोज विचारते, तेवढं पुरे.

*

माझा पहिलाच दिवस. दादा म्हणाले, "मॅडम, तुम्ही याच भागात राहता ना? मला ग्राउंड रिॲलिटी सांगा."

मी म्हटलं, "दादा, आमच्या गल्लीत पाणी साडेअकराला येतं."

"येतं म्हणजे?"

"येतं म्हणजे... येतं. नळाला."

"मग साडेअकराच्या आधी ते कुठे असतं?"

मला वाटलं दादा माझी परीक्षा घेतायत. मी धरण, जलकुंभ, व्हॉल्व्ह असं शाळेतल्यासारखं सांगायला लागले. शेवटी पाटकर काका मध्ये पडले. काका दादांच्या वडिलांपासून ऑफिसात आहेत, त्यांना कुणाची भीती नाही. म्हणाले, "दादा, सोपं आहे. तुमच्याकडे पाणी असतं. यांच्याकडे येतं."

*

हे साडेअकराचं प्रकरण नीट सांगायला हवं. आमची इमारत जुनी, तीन मजली. गच्चीवरची टाकी धोकादायक झाली म्हणून उतरवली, नवीन चढलीच नाही. म्हणजे नळाला पाणी येईल तेवढ्या वेळात भरा, नाहीतर बसा बोंबलत. गल्लीतल्या बाकीच्या इमारतींची कथाही अशीच. आणि पाणी येणार कधी, तर सकाळी साडेअकराला, जेव्हा घरात माणूस नसतं!

माझं ऑफिस दोन गल्ल्या सोडून आहे, त्यामुळे मी धावत जाऊन भरून येते. पण शेजारच्या कांबळे वहिनी कल्याणला एका लॅबमध्ये रक्त तपासतात. त्यांचं पाणी इतकी वर्षं सासूबाई भरायच्या. सासूबाईंचे गुडघे गेले आणि वहिनींनी लॅबमध्ये सांगून टाकलं, "महिनाअखेरीपर्यंत येते. मग नाही जमणार."

मला म्हणाल्या, "अगं, शिकले मी पोटाला चिमटा काढून, आणि नोकरी सोडतेय कशासाठी? तर बादलीसाठी!" आणि लगेच, "तू नेत्याच्या ऑफिसात आहेस ना गं? वेळ बदलून दे म्हणावं. नवी लाइन नको, टाकी नको. फक्त सकाळी लवकर सोडा."

मी "बघते" म्हटलं. 'बघते' हा शब्द मी ऑफिसातच शिकलेय.

*

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दादा एकदा दीड तास अडकले. मी आणि काका मागच्या सीटवर. दादा काच खाली करून खूप वेळ बघत राहिले आणि कळवळून म्हणाले, "एवढे लोक एवढ्या गाड्या घेऊन जातात तरी कुठे?"

काका मागे वळून बघत म्हणाले, "पहिल्या चार तर आपल्याच मागे येतायत, दादा."

*

मग दादांनी ठरवलं की सर्वसामान्यांसारखा प्रवास करायचा. शेअर रिक्षाने! व्हिडिओवाला पुढे बाइकवर, दादा रिक्षात मधोमध ऐसपैस. पुढच्या नाक्यावर एक मावशी पिशव्या घेऊन चढायला लागल्या. दादा अगदी नम्रपणे म्हणाले, "मावशी, ही रिक्षा भरलेली आहे."

"कशाने?" मावशी म्हणाल्या. "सरक तिकडे!"

दादा सरकले. मग अजून दोघं आले. मावशींनीच व्यवस्था लावली, "तू तरुण आहेस, पुढे बस," आणि दादा ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर! उतरताना त्यांनी पाचशेची नोट काढली. सुट्टे कुणाकडेच नव्हते. रिक्षावाला हात जोडून म्हणाला, "राहू द्या दादा. पाच वर्षांत कधीही द्या."

खरी पंचाईत संध्याकाळी झाली. आदल्याच आठवड्यात दादांनी 'रिक्षात चौथी सीट नको' या विषयावर जोरदार भाषण केलेलं. आणि मला पोस्टसाठी आलेल्या प्रत्येक फोटोत चौथ्या सीटवर कोण? फोटो कापला तर दादा उरत नव्हते, नाही कापला तर कायदा उरत नव्हता. शेवटी मी मावशींचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'नारीशक्ती'. त्याला दादांच्या वाढदिवसापेक्षा जास्त लाइक्स आले.

*

दादांची टिंगल करते असं वाटेल, म्हणून हेही सांगते. उन्हाळ्यात एका दुपारी अख्ख्या भागातली लाईट गेली. ऑफिसात इन्व्हर्टर आहे. पण दादा म्हणाले, "लोक उकाड्यात आणि आपण एसीत? बंद करा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांनी दादा फोनवर बोलायला म्हणून खाली गाडीत जाऊन बसले. गाडीचा एसी चालू. काका फाइल घेऊन खाली गेले आणि काचेवर टकटक केली, "दादा, एक सर्वसामान्य आत आला तर चालेल?"

त्या दिवशी पाळणाघर बंद म्हणून इरा माझ्यासोबत होती, घामोळ्यांनी रडून लाल झालेली. मी कोपऱ्यात उभी राहून पुठ्ठ्याने वारा घालत होते आणि मनात हिशेब, की नोकरी करणाऱ्या आईने जास्त लाज कुठे वाटून घ्यावी, ऑफिसात की घरी? तेवढ्यात काका आले आणि तिला उचलून घेऊन गेले.

तासाभराने मी खाली गेले. इरा दादांच्या खांद्यावर गाढ झोपलेली, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाळेचा नकाशा. बाहेर दोन पदाधिकारी ताटकळत उभे. दादांनी मला बघून ओठांवर बोट ठेवलं. लाईट कधीच आली होती, पण कुणाची हिंमत नव्हती त्यांना सांगायची.

*

तर, पाणी. गल्लीतल्या आम्ही सगळ्या बायका ऑफिसात गेलो. मी कर्मचारी की शिष्टमंडळ, हे मलाच कळेना, म्हणून दारात उभी राहिले. कांबळे वहिनींनी नीट सांगितलं, फक्त वेळ बदला. दादांनी मन लावून ऐकलं. अगदी मान हलवून हलवून. शेवटी म्हणाले, "समजलं. प्रॉब्लेम साठवणुकीचा आहे."

आठवड्याने गल्लीत टेम्पो आला. घरटी एक निळं पिंप! त्यावर हात जोडलेले दादा, खाली 'सदैव आपल्या सेवेत'. वहिनी पिंपाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सेवेत आहेत ना? मग साडेअकराला हेच नळाखाली जाऊन उभं राहणार का?"

पिंपं मोरीतच ठेवावी लागली, दुसरीकडे जागा कुठे आहे? दोन दिवसांनी वहिनींच्या सासूबाईंनी फर्मान काढलं, "अगं, ते पिंप फिरवा. आंघोळीला बसलं की हा माणूस समोर हात जोडून उभा!" बघता बघता गल्लीतल्या घराघरांत दादांचं तोंड भिंतीकडे झालं.

*

मी मग धीर करून दादांना म्हटलं, "दादा, तुम्ही एकदा प्रत्यक्ष या." त्यांना आयडिया आवडली. नावही लगेच ठरलं, 'एक सकाळ सर्वसामान्यांसोबत'. मी साडेअकराची वेळ सुचवली. व्हिडिओवाला म्हणाला, ऊन डोक्यावर येतं, चेहरा काळा येतो, कोवळा प्रकाश हवा. म्हणून सकाळी सहा! मी दौऱ्याच्या मेसेजमध्ये पहिली ओळ टाकली, 'सकाळी ६.०० वा. : पाणीप्रश्नावर नागरिकांशी संवाद', पुढे आमच्या गल्लीचं नाव.

सहाला दादा आले. वहिनींच्या स्वयंपाकघरात शिरले. कॅमेरा चालू. वहिनी म्हणाल्या, "बघा दादा, नळ कोरडा," आणि नळ फिरवला.

धो धो पाणी! इतकं की ओट्यावरची पेल्यांची उतरंड सिंकमध्ये कोसळली. पाणीखात्याच्या साहेबांनी मेसेज वाचला होता ना! दादा येणार म्हटल्यावर ते नळ कोरडा ठेवतील?

"आहे की पाणी!" दादा म्हणाले.

"दादा, हे तुमच्यासाठी आलंय."

"माझ्यासाठी? मी कुठे मागवलं?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. पण हात लावायलाही वेळ नव्हता. खाली कुणीतरी ओरडलं, "पाणी आलंय, पाणी!" आणि संवाद साधायला जमलेले सगळे नागरिक बादल्या घ्यायला पळाले. आम्ही खाली उतरलो तर गल्लीत उरलो फक्त दादा, व्हिडिओवाला आणि मी. दादा मला म्हणाले, "मॅडम, लोक खूश दिसतात." मला बोलायचं होतं. पण माझंही पिंप रिकामं होतं, मी पळाले!

*

त्याच संध्याकाळी इराला ताप. तिला खांद्यावर घेऊन, एका हाताने मी दुसऱ्या दिवशीचा मेसेज बनवला. आदल्या दिवशीचाच कॉपी केला, खालचे कार्यक्रम बदलले आणि पाठवून दिला. वरची ओळ काढायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नळाला पाणी!

मला आधी वाटलं चमत्कार. मग मोबाइल बघितला, तर कालच्या मेसेजमध्ये ती ओळ तशीच! संध्याकाळी वहिनींना सगळं खरं सांगितलं आणि म्हटलं, "आज ती ओळ काढून टाकते हं."

"काढून तर बघ!" वहिनी म्हणाल्या. "हात लावशील तर तुझं रक्त मी तपासायला घेईन."

मी हात लावला नाही. कागदोपत्री दादा रोज सहाला आमच्या गल्लीत येऊ लागले आणि नळाला पाणी येऊ लागलं. फक्त रविवारी दादांची सुट्टी, दौऱ्याचा मेसेज नसतो, त्यामुळे रविवारी पुन्हा साडेअकरा. बाकी दिवस पाणी भरून, डबा घेऊन, वहिनी ठरलेल्या वेळेला घराबाहेर. महिनाअखेर आली तशी लॅबमध्ये जाऊन त्यांनी सांगितलं, "राहतेय मी." त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे खीर पाठवली. ती खाताना मी दिवस मोजत होते. आज ना उद्या दादांना कळणारच होतं.

कळलं. कुठल्याशा उद्घाटनात पाणीखात्याचे साहेब दादांना चारचौघांत म्हणाले, "मानलं तुम्हाला! रोज पहाटे उठून जाता त्या गल्लीत. एक दिवस चुकत नाही!" दादांनी म्हणे विनयाने मान खाली घातली. काकांनी मला लगेच फोन करून सांगितलं, आणि वर सल्ला दिला, "उद्या येताना डबा आणू नकोस. दुपारपर्यंत राहशीलसं वाटत नाही."

पाठोपाठ दादांचा फोन. मी इराला नवऱ्याकडे दिलं आणि बाल्कनीत गेले.

"मॅडम, मी रोज सकाळी सहाला तुमच्या गल्लीत असतो का?"

"म्हणजे... मेसेजमध्ये असता, दादा."

मागे त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"रोज?"

"रविवार सोडून, दादा."

"का?" दादा म्हणाले. "रविवारी तुमच्याकडे आंघोळ नसते?"