तपासनीस बाईंचा स्वतःचा दोरा

बंदरावरच्या कवच कचेरीत तपासनीस बाई बावीस वर्षं बसताहेत, आणि या बावीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणं एकालाही जमलेलं नाही. काम तसं सोपं. बचावाच्या होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला एक सुती दोरा लागतो. त्या माणसावर जीव असलेल्या कुणीतरी स्वतःची एखादी जिवापाड जपलेली गोष्ट कायमची द्यायची. दोरा मुठीत धरायचा, काय देतोय ते मुठीत पुटपुटायचं, आणि दोरा बाईंकडे सोपवायचा. बाई तो चिमट्यात धरून पितळी दिव्याच्या ज्योतीवर नेणार. देणं खरं असेल तर दोरा जळत नाही, आणि तो बांधलेल्या माणसाला समुद्र बुडवत नाही. देणं खोटं असेल तर दोरा भुर्रकन जळून जातो आणि कचेरीभर वास सुटतो.

वास बऱ्याचदा सुटतो हो! माणसं काय काय घेऊन येतात! एका गृहस्थानं भावासाठी बायकोशी भांडणं सोडलं. दोरा ज्योतीपर्यंत पोचायच्या आधीच पेटला, आणि बायको बाकावर बसून खो खो हसत होती. पण एक म्हातारा शिंपी आला होता, त्यानं नातवासाठी आपली चाळीस वर्षांची पीळदार मिशी दिली. दोऱ्याला धग लागली नाही. म्हातारा ओठांवर हात ठेवून घरी गेला, आणि ती मिशी पुन्हा कधी उगवली नाही. एकीनं नवऱ्यासाठी निळा रंग दिला. तिला आता आभाळ राखाडीच दिसतं. या कचेरीत दिलेली गोष्ट खरोखरच जाते, म्हणून तर तिची एवढी पत.

आणि एवढी पत असलेल्या या कचेरीत तीन महिन्यांत तपासनीस बाईंचेच चार दोरे जळले होते.

त्याचं असं झालं, की बाईंच्या एकुलत्या एक लेकीनं होडीवर वल्हं मारायची परीक्षा दिली आणि पहिली आली. घरात माणसं दोनच, आई आणि लेक. त्यामुळे दोरा देणार कोण तर आई. बाईंनी साखर दिली. जळला. दुपारची झोप दिली. जळला. खिडकीजवळची आरामखुर्ची दिली, मग गाणं दिलं. दोन्ही जळले, आणि वर बाई घरी जाऊन भांडी घासताना बिनधास्त गात बसल्या. लेकीच्या मैत्रिणीनंसुद्धा चॉकलेट देऊन पाहिलं. तो दोरा तर दिसेनासाच झाला. लेक आपली रोज धक्क्यावर जाऊन दोर गुंडाळायची आणि होडी गेली की बघत उभी राहायची. घरी येऊन आईशी बोलायची नाही. बाईंना ते लागायचं, पण लेक घरी असायची ना!

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बंदराची घंटा वाजली, आणि अशी वाजली की कचेरीतली तावदानं थरथरली. पाठोपाठ होडीचा तांडेल दार ढकलून आत आला, त्याच्या मागे लेक.

"प्रवासी बोट खडकावर चढलीय! तीस माणसं आहेत!" तांडेल ओरडला. "आमच्या एकाचं मनगट सकाळीच मोडलंय. पाच वल्ह्यांवर ही लाट ओलांडता यायची नाही. बाई, पोरीला दोरा द्या, आत्ताच्या आत्ता!"

स्वतःचा दोरा स्वतः तपासायचा नाही असा नियम आहे. म्हणून दिवा शिक्केवाल्या काकांनी पुढे ओढला. हे काका बाईंच्या शेजारच्या टेबलावर कागदांवर शिक्के मारतात, आणि बोलतात फार कमी. बाईंनी दोरा मुठीत धरला, घाईघाईनं सकाळचा चहा दिला. भुर्र! दुसरा दोरा घेतला, संध्याकाळचा फेरफटका दिला. भुर्र! बाहेर घंटा थांबायचं नाव घेत नव्हती. लेक दाराशी नुसती नाचत होती.

"आई, नीट दे ना गं!"

"देतेय ना मी!"

"बाई, राग मानू नका," काका चिमटा पुसत म्हणाले. "पोर घरी राहणार असेल तर तुम्ही साखर काय, उजवा हातसुद्धा हसत काढून द्याल. मग यात तुमचं गेलं काय? दर वेळी दोरा जळला की तुमचा चेहरा मी बघतो."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं. दोरा जळला की त्यांना आतून हायसं वाटायचं. बावीस वर्षं लोकांची लबाडी पकडणारी ही बाई तीन महिने स्वतःच लबाडी करत होती. जे घट्ट धरून ठेवलं होतं, त्याला त्यांनी अजून हात लावलेला नव्हता.

त्यांनी तिसरा दोरा उचलला. या वेळी घाई न करता मूठ ओठांशी नेली. काय पुटपुटल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. काकांनी दोरा ज्योतीवर धरला. एक, दोन, तीन... ज्योत बाजूला झाली! काकांनी दिवा वर उचलला, दोरा पार आत बुडवला, तरी त्यावर काजळीसुद्धा धरली नाही. शिक्केवाले काका आयुष्यात पहिल्यांदा शिक्का न मारताच ओरडले, "बांधा!"

बाईंनी लेकीच्या मनगटावर गाठ मारली. लेकीनं आईकडे पाहिलं, काहीतरी ऐकायची सवय असल्यासारखी क्षणभर थांबली.

"पळ!" बाई म्हणाल्या.

मग काय विचारता! सगळी कचेरी खिडकीशी. दुर्बीण एकच, ती काकांनी बळकावली आणि बावीस वर्षांचं बोलणं एका दमात बोलून टाकलं. "निघाली! पहिली लाट ओलांडली! बाई, तुमची लेक सर्वांत पुढे आहे! आता दुसरी... अरे, अरे, पडली!" बाईंनी खिडकीचा गज धरला. होडीतून लेक खरंच पाण्यात गेली होती. पाच वल्ही हवेत थांबली. आणि मग समुद्रानं, पडलेली वाटी उचलून फळीवर ठेवावी तसं, तिला अलगद उचललं आणि होडीत परत ठेवलं. धक्क्यावरच्या माणसांनी असा काही गलका केला की घंटाही ऐकू येईना. बाई रडत होत्या, हसत होत्या, काकांच्या पाठीत गुद्दे घालत होत्या. तीन फेऱ्यांत तीसच्या तीस माणसं काठाला लागली.

दुपारी लेक घरी आली. ओल्या कपड्यांनीच जेवायला बसली, भूकच तेवढी होती. एकीकडे घास, एकीकडे बडबड. तीन महिन्यांचं राहिलेलं बोलणं एकदम सुटलं होतं.

"उद्या पहाटे पुन्हा पाळी आहे," ती म्हणाली, आणि नेहमीच्या सवयीनं कपाळावर आठ्या घालून तयारीत राहिली.

बाईंनी तोंड उघडलं. काहीतरी म्हणायचं होतं, लेक चालायला लागली तेव्हापासून रोज म्हणत आल्या होत्या ते; पण जिभेवर शब्दच येईनात. त्यांनी तोंड मिटलं आणि भाताचं पातेलं पुढे सरकवलं.

लेकीच्या आठ्या हळूहळू गेल्या. हातातला घास ताटात पडला.

"आई... 'जाऊ नकोस' म्हणणं दिलंस तू? मला अडवणंच देऊन टाकलंस?"

बाईंनी होकाराची मान हलवली. लेक उठली, खुर्ची मागे पडली, आणि तिनं आईला गच्च मिठी मारली. खाऱ्या पाण्यानं बाईंचा पदर, झंपर, सगळं चिंब झालं.

"आधी अंग पूस, मेले!" बाई ओरडल्या. तेवढं काही त्यांनी दिलेलं नव्हतं.